जमिनीला ठोकलेला पलंग

दार आतून बंद. खिडकीच्या जुन्या लाकडी झडपा लोखंडी अडसर घालून लावलेल्या. धुराड्यात जाड गज, पोरही शिरणार नाही असे. भिंती ठोकून पाहिल्या, जमीन ठोकून पाहिली. कुठे पोकळ वाजत नाही. अशा खोलीत झोपलेली तरुण मुलगी मध्यरात्र उलटल्यावर किंकाळी फोडते, कसंबसं दार उघडते, बहिणीच्या अंगावर कोसळते, ‘ठिपक्यांचा पट्टा’ एवढंच बोलते आणि तडफडत मरते. अंगावर मारहाणीची खूण नाही. पोटात विष सापडत नाही. लग्न पंधरवड्यावर आलेलं.

हे घडतं इंग्लंडातल्या सरे परगण्यात, स्टोक मोरन नावाच्या पडायला आलेल्या जुन्या वाड्यात. आर्थर कॉनन डॉइलची ‘द स्पेकल्ड बँड’ ही होम्सकथा फेब्रुवारी १८९२ च्या ‘स्ट्रँड’ मासिकात छापून आली. पस्तीस वर्षांनी, १९२७ साली, डॉइलनं आपल्या आवडत्या बारा होम्सकथांची यादी केली तेव्हा पहिला नंबर तिलाच दिला.

मी ती पहिल्यांदा वाचली भोसरीत, जमिनीवर अंथरलेल्या सतरंजीवर पालथं पडून. पुस्तक वाचनालयातलं. भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणला, तोच तो होम्स. वडील रात्रपाळीला गेलेले. एमआयडीसीतल्या कुठल्यातरी पॉवर प्रेसचा ठोका जमिनीतून वर यायचा आणि सतरंजीतून छातीला लागायचा. आमच्या खोलीत छताजवळ सिमेंटच्या जाळीचा एक झरोका होता. त्या रात्री माझी नजर झरोक्यावरून हलली नाही. धुक्यातली ती गावं, दगडी वाडे, घोडागाड्या सगळं समुद्रापलीकडचं होतं. झरोका मात्र डोक्यावर होता. आणि खुनी तर थेट आपल्याकडचा. हिंदुस्थानातून बोटीनं नेलेला साप.

कथेतला दुष्ट माणूस म्हणजे मुलींचा सावत्र बाप, डॉक्टर रॉयलॉट. कलकत्त्यात डॉक्टरकी करून आलेला, तिथे संतापाच्या भरात आपल्या नोकराचा जीव घेऊन तुरुंग भोगलेला. वाड्याच्या आवारात त्यानं एक चित्ता आणि एक बबून मोकळे सोडलेत, दोन्ही म्हणे हिंदुस्थानातून मागवलेले. (बबून आफ्रिकेतला, आपल्या रानात तो कधीच नव्हता.) मुलींची लग्नं झाली की मेलेल्या बायकोच्या इस्टेटीतलं उत्पन्न हातातून जाणार, ही त्याची अडचण. एक बहीण गेली. दोन वर्षांनी दुसरीचं लग्न ठरतं, डागडुजीचं निमित्त काढून तिला पहिलीच्याच खोलीत झोपायला लावतात, आणि रात्री तिला तीच हलकी शिट्टी ऐकू येते जी बहिणीनं मरण्याआधी ऐकली होती. पहाटे उठून ती लंडनची गाडी पकडते.

होम्स खोली बघतो. घंटेची दोरी उशीवर लोंबते आहे, पण ती ओढली तर घंटा वाजत नाही, कारण वर घंटाच नाही. झरोका आहे, पण तो बाहेर उघडत नाही, शेजारी डॉक्टरच्या खोलीत उघडतो. आणि पलंग जमिनीला ठोकून पक्का केलेला आहे. तो सरकवता येत नाही. मला आजही या तिसऱ्या गोष्टीनं शहारा येतो. दोरी आणि झरोका संशयास्पद म्हणता येतील. पण झोपणाऱ्यानं जागा बदलू नये अशी व्यवस्था करून ठेवणं, यात खुनाचा सगळा थंडपणा आहे. झरोका, दोरी, उशी, अशी वरून खाली एक वाट तयार झालेली. त्या वाटेनं साप उतरायचा.

भाषेचा डावही तितकाच सुंदर. इंग्रजीत ‘बँड’ म्हणजे पट्टा आणि ‘बँड’ म्हणजे टोळीसुद्धा. वाड्याच्या आवारात भटक्या जिप्सींचा तळ पडलेला असतो, त्यांच्या डोक्याला ठिपक्यांचे रुमाल असतात, त्यामुळे मरणाऱ्या मुलीच्या शब्दांनी संशय त्यांच्यावर जातो. मराठीत पट्टा म्हटलं की टोळी सुटते आणि टोळी म्हटलं की साप सुटतो. दोन्ही अर्थ एका शब्दात ठेवणारा शब्द आपल्याकडे मला अजून सापडलेला नाही.

मोठेपणी कळलं की असा साप जगात नाही. डॉइल त्याला दलदलीतला ॲडर म्हणतो, हिंदुस्थानातला सर्वांत जहाल साप म्हणतो, पिवळ्या अंगावर तपकिरी ठिपके देतो आणि दहा सेकंदांत माणूस मारायला लावतो. ठिपके घोणशीचे वाटतात, पण घोणस दोरी चढउतार करणारी नव्हे, आणि तिचा दंश लपत नाही: आग होते, सूज चढते, रक्त थांबत नाही. दहा सेकंदांत मारणारा साप तर कुठेच नाही. शिवाय या सापाला लोखंडी तिजोरीत कोंडून ठेवलंय, बशीतून दूध पाजलंय आणि शिट्टी वाजवून परत बोलावलंय. दूध हे सापाचं अन्न नव्हे हे आता नागपंचमीला शाळेतली पोरंही सांगतात. तहानेनं व्याकूळ झालेला साप समोर येईल ते पितो, इतकंच. सापाला बाहेरचा कान नसतो, कानाचा पडदाही नसतो. जमिनीतली थरथर त्याला जबड्याच्या हाडांतून कळते, आणि हवेतले खर्जातले आवाजही थोडेफार जाणवतात असं अलीकडच्या प्रयोगांत दिसलंय. पण शिट्टी ऐकून धन्याकडे परत येणं हा कुत्र्याचा स्वभाव आहे. १९१० साली डॉइलनं या कथेचं नाटक केलं, त्यासाठी खरा अजगरजातीचा साप आणला, आणि एका समीक्षकानं लिहिलं की साप खोटा आहे हे उघड दिसत होतं.

इतक्या चुका मोजून झाल्यावर कथा मोडीत निघायला हवी. माझ्याबाबतीत उलट झालं. कारण चुका बाजूला काढल्यावर खाली जो सांगाडा राहिला तो मी ओळखला. बंद खोली. गाढ झोपलेलं माणूस. मध्यरात्रीनंतरची वेळ. अंगावर खूण नाही. पोटात विष नाही. उजाडेपर्यंत सगळं संपलेलं. सरे परगण्यात असं एकदाही घडलं नसेल. आपल्याकडे ते दर पावसाळ्यात घडतं आणि घडवणारा साप पुणे जिल्ह्यात, भोसरी-चाकणच्या पट्ट्यातही राहतो. त्याचं नाव मण्यार.

मण्यार दिसायला फार देखणा. निळसर झाक असलेला काळा रंग, तेल लावून पुसल्यासारखी चकाकी आणि अंगावर पांढऱ्या बारीक आडव्या रेघा, बहुधा जोडीजोडीनं. मानेजवळ त्या पुसट असतात, शेपटीकडे ठळक होत जातात. पाठीच्या कण्यावर मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग असते. त्याच्यासारखाच दिसणारा कवड्या बिनविषारी. त्याचे पट्टे मानेपासूनच ठळक आणि शेपटीकडे विरत जाणारे. कवड्या पालींसाठी घराच्या भिंती चढतो, म्हणून शहरात तो पुष्कळदा दिसतो आणि मण्यार समजून मारला जातो. उलट चूक त्याहून वाईट: मण्यारला कवड्या समजून हातात धरणं.

दिवसा हा साप इतका मऊ वागतो की विश्वास बसू नये. डिवचला तर वेटोळं करतो, डोकं वेटोळ्याखाली लपवतो आणि पडून राहतो. रात्र झाली की त्याचा दुसरा जन्म सुरू होतो. तो इतर साप खातो, स्वतःच्या जातीचेही. शिवाय उंदीर, पाली, बेडूक. शोधात तो भिंतीच्या कडेकडेनं सरकत जातो, कारण उघड्यावर अंग टाकणं सापाला आवडत नाही. आता एमआयडीसीच्या आसपासच्या खोल्या डोळ्यांपुढे आणा. मागच्या बाजूला स्क्रॅप, लाकडी पॅलेट, विटांचा ढीग, कडेला गवत. पॅलेटखाली उंदीर, ट्यूबलाइटभोवती पाली. दाराखाली दोन बोटांची फट. एका खोलीत पाच-सहा जण, जमिनीवर अंथरूण, आणि जागा पुरावी म्हणून प्रत्येकाची पाठ भिंतीला. मण्यारची वाट आणि माणसाची झोपायची जागा एकच झालेली असते. बंद दाराच्या खोलीत तो झरोक्यातून येत नाही. तो दाराखालून येतो.

मग कुणी कूस बदलतं, हात सापावर पडतो. मण्यारचे विषदंत आखूड, काही मिलिमीटरचे. दंश इतका हलका की पुष्कळ जण जागेच होत नाहीत. झालेच तर डास किंवा मुंगी चावली म्हणून खाजवून परत झोपतात. सूज येत नाही, रक्त येत नाही, उजेडात शोधूनही दोन ठिपके दिसतीलच असं नाही. आणि विष मात्र थेंबाच्या हिशेबानं नागाच्या विषापेक्षा जहाल.

पुढचा भाग हा मला डॉइलच्या कल्पनेपेक्षा जास्त चक्रावणारा वाटतो. तास-दोन तासांनी माणूस उठतो आणि म्हणतो, पोटात दुखतंय. कळा येतात, उलटी होते, घसा धरल्यासारखा वाटतो. साप कुणाच्या डोक्यातही नसतो. घरचे विचारतात, काल रात्री काय खाल्लंस? मेसचा डबा आठवतो, ढाब्यावरची भाजी आठवते. ओवा देतात, सोडा देतात, सकाळी बघू म्हणतात. मण्यारनं आपल्या गुन्ह्यावर दुसऱ्याचा ठसा उमटवून ठेवलेला असतो. रहस्यकथेच्या भाषेत हा दिशाभूल करणारा धागा. जिप्सींच्या टोळीचं काम इथे शिळी भाजी करते.

मग पापण्या जड होतात. हा क्षण ओळखता आला तर माणूस वाचतो. दुखणाईत माणूस झोपेला आलाय असं वाटतं, पण तो जागा असतो. त्याला डोळे उघडायचे असतात, पापण्या वर जात नाहीत. मग बोलणं जडावतं, थुंकी गिळता येत नाही, मान सावरत नाही. शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात.

हे होतं कसं, ते समजून घेतल्यापासून माझ्या मनातून जात नाही. आपल्या प्रत्येक हालचालीच्या मुळाशी एक फट आहे. मज्जातंतू स्नायूला चिकटलेला नसतो. दोघांत केसापेक्षाही कितीतरी बारीक अंतर असतं. मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनाच्या सूक्ष्म पिशव्या भरून ठेवलेल्या असतात. मेंदूचा हुकूम आला की पिशव्या फुटतात, रसायन फट ओलांडतं, पलीकडच्या स्नायूवरच्या ठरावीक जागांवर जाऊन बसतं आणि स्नायू आकसतो. नागाचं विष त्या पलीकडच्या जागा अडवून बसतं. मण्यारच्या विषातलं मुख्य अस्त्र अलीकडच्या काठावर जातं, मज्जातंतूच्या टोकात शिरतं, पिशव्या रिकाम्या करून टाकतं आणि ते टोकच नासवतं. कारखान्यातल्या माणसाला हे लगेच कळेल: लाईन चालू आहे, मोटर ठणठणीत आहे, मधला कॉन्टॅक्टर जळालाय. मेंदू हुकूम देतोय, स्नायू तयार आहे, निरोप पोचत नाही.

जळालेला कॉन्टॅक्टर शरीर पुन्हा बांधतं. मज्जातंतूची टोकं नव्यानं वाढतात, पण त्याला दिवस लागतात, कधी आठवडे. तोवर व्हेंटिलेटरनं श्वास चालवत ठेवला तर माणूस उठून आपल्या पायांनी घरी जाऊ शकतो. मधल्या काळात तो कसा दिसतो? डोळे उघडत नाहीत, बाहुल्या मोठ्या आणि उजेडाला न हलणाऱ्या, चिमटा काढला तरी बोट हलत नाही. बघणाऱ्याला तो संपल्यासारखा वाटेल. मेंदू मृत झालाय असंही वाटेल. आणि आत तो पुष्कळदा शुद्धीवर असतो. आईचं रडणं त्याला ऐकू येत असतं. म्हणून सर्पदंशावर काम करणारे डॉक्टर पुन्हा पुन्हा बजावतात की मण्यारच्या रोग्याला बाहुल्या बघून मृत ठरवू नका, आणि त्याच्या उशाशी बोलताना तो ऐकतोय असं धरून बोला. डॉइलला बंद खोली बांधायला एक वाडा लागला. मण्यार माणसाच्या शरीराचीच आतून बंद खोली करतो, आणि त्या खोलीत माणूस जागा असतो.

मग या गुन्ह्याचा तपास कोण लावतं? आपल्याकडे ते काम गावोगावच्या डॉक्टरांनी केलंय. महाडला हिम्मतराव बावस्कर विंचूदंशावरच्या प्राझोसिनच्या उपचारासाठी जगभर माहीत आहेत. त्यांनी आणि प्रमोदिनी बावस्करांनी ग्रामीण दवाखान्यात पाहिलेल्या मण्यार आणि नागाच्या रोग्यांवरही २००४ साली शोधनिबंध लिहिला. भोसरीवरून जाणारा नाशिक रस्ता धरून साठेक किलोमीटर गेलं की नारायणगाव. तिथे डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी जुन्नरच्या परिसरातली सर्पदंशानं जाणारी माणसं वाचवण्यात हयात घातली. शेतमजूर, ऊसतोड करणारे, वाडीवस्तीवरची पोरं त्यांच्याकडे येतात. त्यांच्यापुढे येणाऱ्या रोग्यानं पुष्कळदा साप बघितलेलाच नसतो.

अशा वेळी पुरावे जुळवायचे ते असे. पहाटे पोटदुखीनं जाग आली. जमिनीवर झोपला होता. पावसाळ्याचे दिवस आहेत. पापण्या अर्ध्या मिटल्यात. आता काचेची एक स्वच्छ, कोरडी नळी घ्यायची, तीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, नळी उभी ठेवायची आणि वीस मिनिटं तिला हातही लावायचा नाही. वीस मिनिटांनी नळी तिरपी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरसं, कारण त्यांचं विष रक्ताची गोठण्याची ताकद संपवतं. रक्त गोठलेलं असेल, अंगाला सूज नसेल आणि पापण्या मिटत असतील, तर मण्यार. जखम नाही, साप दिसलेला नाही, साक्षीदार नाही, आणि तरीही गुन्हेगाराचं नाव निश्चित. एवढ्या साध्या नळीनं एवढा मोठा उलगडा होतो याचं मला न संपणारं आश्चर्य आहे. बेकर स्ट्रीटच्या त्या खोलीत होम्सचं रसायनांचं टेबल होतं. त्यावर ही नळी शोभली असती.

याउलट काय होतं तेही सांगायला हवं. पापणी मिटू लागलेल्या माणसाला कडुलिंबाचा पाला चारून तो कडू लागतो का विचारणं, मिरची देऊन बघणं, देवळासमोर निजवून ठेवणं, दोरी करकचून बांधणं. या माणसांना मी अडाणी म्हणणार नाही; जवळ दुसरं काही नव्हतं तेव्हा त्यांनी जे होतं ते केलं. पण मण्यारच्या दंशात घड्याळ धावत असतं, आणि गिळता येत नसलेल्याच्या तोंडात पाला कोंबला तर तो श्वासनळीत जातो. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडलाय. बहुतेक मृत्यू खेड्यांत आणि घरी झालेले आहेत.

उतारा सापडला तो कथेनंतर दोनच वर्षांनी. १८९४ साली पॅरिसमध्ये आल्बेर काल्मेत यानं, आणि त्याच सुमारास फिझालिक्स आणि बर्त्रां या दोघांनी, विष टोचलेल्या जनावरांच्या रक्तात विषाचा प्रतिकार तयार होतो हे दाखवून दिलं. आजही तत्त्व तेच. सापाचं विष अगदी थोड्या मात्रेपासून सुरुवात करून घोड्याला टोचत जातात, घोड्याचं शरीर प्रतिपिंडं बनवतं, त्याच्या रक्तातून ती वेगळी काढतात. आपल्याकडची बाटली नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकत्र चालते. तिच्या एका मिलिलिटरनं नाग आणि घोणशीचं प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यार व फुरशाचं प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हावं असं प्रमाण ठरलेलं आहे. एका रोग्याला सुरुवातीलाच आठ-दहा बाटल्या लागतात. हे औषध बनवणाऱ्या हाफकिनचं एक केंद्र भोसरीच्या शेजारी, पिंपरीत आहे. ज्या पट्ट्याची ओळख सगळीकडे यंत्रांनी आणि गाड्यांनी होते, त्याच पट्ट्यात घोडे आहेत आणि त्यांच्या रक्तात मण्यारला उत्तर आहे, हे मला कळलं त्या दिवशी मी कितीतरी वेळ त्या भिंतीबाहेरच्या रस्त्यावर उभा होतो. मात्र जळून गेलेलं मज्जातंतूचं टोक हे औषध परत आणत नाही. जे विष अजून रक्तात फिरतंय ते अडवतं. म्हणून लवकर पोचण्याला एवढं मोल.

विषाच्या कहाणीत एक आडवाट आहे, ती सोडवत नाही. मण्यारच्या तैवानमधल्या भाऊबंदाचं विष घेऊन चांग आणि ली या शास्त्रज्ञांनी १९६३ साली त्यातले घटक वेगळे केले. त्यातला एक घटक स्नायूवरच्या ॲसिटिलकोलिनच्या जागांना इतका घट्ट चिकटतो की सुटत नाही. तोवर त्या जागा आहेत हे तर्कानं माहीत होतं, पण हाताशी कुणाला आल्या नव्हत्या. विषाचा तो रेणू गळासारखा टाकून शास्त्रज्ञांनी त्या जागा बाहेर ओढून काढल्या, आणि पुढे मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात, ज्यात रोग्याच्या पापण्या मण्यारच्या रोग्यासारख्याच मिटतात, नेमक्या याच जागा कमी झालेल्या असतात हे १९७३ साली दिसून आलं. खुन्याच्या हत्यारानं दुसराच एक जुना गुन्हा उकलला.

डॉइलची कल्पना कुणी खरी करून बघितली का? दुर्दैवानं हो. केरळात कोल्लम जिल्ह्यात २०२० साली एका तरुणीला झोपेत नाग चावला. दोन महिन्यांपूर्वीच तिला घोणस चावली होती आणि ती त्यातून नुकती सावरत होती. तपास करणाऱ्यांनी होम्सला शोभेल असा प्रयोग केला. माणसाचा पुतळा पलंगावर ठेवून, त्याच्या हाताला कोंबडीचं मांस बांधून, नाग आपणहून चावतो तेव्हा दातांच्या दोन खुणांमध्ये किती अंतर पडतं ते मोजलं. मग डोकं दाबून धरलेला नाग चावतो तेव्हाचं मोजलं. डोकं दाबलं की जबडा फाकतो आणि खुणा दूर जातात. मृत तरुणीच्या हातावरच्या खुणा दाबलेल्या नागाच्या होत्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यायालयानं नवऱ्याला दोषी ठरवून जन्मठेप दिली. साप निर्दोष होता, आणि त्याच्याच दातांच्या मापानं ते सिद्ध झालं.

सापाच्या निर्दोषपणावर पुण्यातला एक माणूस फार आधी पैज लावून बसला होता. नीलिमकुमार खैरे १९८० साली ७२ विषारी सापांबरोबर एका काचेच्या खोलीत ७२ तास राहिले आणि धडधाकट बाहेर आले. पुढे १९८६ साली कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. त्या काचेच्या खोलीतही दार बंद होतं आणि आत साप होते. न डिवचलेला साप माणसाच्या वाटेला जात नाही हे त्यांना सगळ्यांसमोर दाखवायचं होतं. मण्यारही कुणाला मारायला निघालेला नसतो. त्याला पाल हवी असते.

आणि म्हणून बचाव इतका साधा आहे की ऐकून खरं वाटत नाही. नेपाळच्या तराईत मण्यारचे दंश पुष्कळ होतात. तिथल्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना झोपेतल्या सर्पदंशापासून मोठं संरक्षण मिळतं असं दिसलं. डासांसाठी विणलेली जाळी, कडा गादीखाली खोचलेली. शक्य असेल तर खाली खाट. स्टोक मोरनच्या वाड्यात पलंग हाच सापळा होता. इथे पलंग मिळाला तर माणूस वाटेतून चार हात वर उचलला जातो.

भोसरीतल्या ओळखीच्या एका खोलीत मी हे पाहिलंय. सेकंड शिफ्ट सुटून पोरं येतात, डबा खातात, भांडी बाहेरच्या नळावर विसळतात. एकानं जुन्या बाजारातून लोखंडी फोल्डिंग खाट आणलीय. आधी ती भिंतीला लागून असायची. आता तो तिचे पाय धरून ती वीतभर पुढे ओढतो, जाळीच्या कडा एकेक करून गादीखाली दाबतो, दाराच्या फटीला गोणपाटाची गुंडाळी लावतो. दिवा जातो. दूर प्रेसचा ठोका चालू असतो, ट्यूबलाइटमागे पाल चुकचुकते, आणि खाट नि भिंतीमधली ती वीतभर जागा अंधारात मोकळी राहते.